हसायचा पिच्चर

पडद्यावर आक्काबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि मागच्या रांगेतून शिट्टी आली.

खुर्चीतल्या आक्काबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सुनेच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "मी शे का व ती? इतली मोठी?"

"आई, हळू बोला ना," दिपमाला पुटपुटली आणि कुणी ऐकलं की काय म्हणून पुढच्या रांगेकडे पाहू लागली.

पडद्यावरच्या आक्काबाईने तोंड उघडलं, "ये, बठ." एवढ्यावरच लोक हसले. मोबाइलवर अहिराणी ऐकायची ती हसायलाच, अशी सवय लागलेली. कुणी 'आहे'ला 'शे' म्हटलं की पुढे विनोद येणार हे ठरलेलं. हा सिनेमा काढणाऱ्या राजदीपला, दिपमालाच्या नवऱ्याला, ते माहीत होतं. "एकदा रडवून दाखवतो," तो म्हणायचा. पुण्याहून आणलेल्या नटीच्या तोंडात ही बोली काही बसेना. दोंडाईच्याजवळ माळावर सगळं युनिट ताटकळत राहिलं, तेव्हा त्याने चुलीपुढच्या आईलाच कॅमेऱ्यापुढे आणून उभं केलं. मग धुळ्यात कुणी पडदा देईना. जळगावच्या या थिएटरचे मॅनेजर बन्सीलालभाऊ तेवढे म्हणाले, "एक खेळ लावू. लोक काय म्हणतात ते बघू, मग पुढचं."

तो एक खेळ चालू होता. राजदीप दाराच्या पडद्याला धरून उभा होता. सिनेमाकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो लोकांची तोंडं बघत होता.

दिपमालाच्या मांडीवर साक्षी चुळबुळत होती. चार वर्षांची पोर. जूनमध्ये इंग्रजी शाळेत घालायची होती. तिथल्या बाई मुलांना बोलतं करतात, घरी काय बोलता ते लगेच कळतं, असं दिपमालाने ऐकलं होतं. तेव्हापासून घरात तिचा नियम झाला होता. साक्षीने 'शे' म्हटलं की बोट वर करून दुरुस्त करायचं. आक्काबाईने म्हटलं तरी.

हळूहळू हसू ओसरलं. सिनेमातला मुलगा सुरतेला कामाला गेला, त्याचे फोन यायचे थांबले. शिट्ट्याही थांबल्या. मग ते दृश्य आलं. गावातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. काही बोलेनात, चपला काढेनात. आक्काबाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलासाठी वाढून झाकून ठेवलेल्या ताटाकडे. थिएटरात चिवड्याच्या पाकिटाचाही आवाज येईना. पुढच्या बाईने पदर डोळ्यांना लावलेला दिपमालाने पाहिला. तिने दाराकडे मान वळवली. राजदीपनेही तो पदर पाहिला होता. त्याचा हात दाराच्या पडद्यावरून सुटला होता.

"ताट वाढेल शे," पडद्यावरची आक्काबाई सावकाश म्हणाली. "मना पोऱ्या कोठे शे?"

त्या शांततेत साक्षी मांडीवर उभी राहिली. बोट वर करून, थेट दिपमालाच्याच सुरात, खणखणीत ओरडली, "आजी, शे नाही म्हणायचं! आहे म्हण, आहे!"

 सगळं थिएटर हशाने फुटलं.

"बरोबर शे ना व माय!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा आणखी वाढला. दिपमालाने साक्षीच्या तोंडावर हात दाबला. पोरीने तो ओढून काढला. "तूच तर सांगते!"

पुढची बाई वळली. डोळे अजून ओलेच होते, पण आता ती हसत होती. "किती हुशार आहे हो मुलगी! कोणत्या शाळेत आहे?"

आणि दिपमालाने चक्क शाळेचं नाव सांगितलं. हसून सांगितलं. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, शेजारच्या खुर्चीच्या हातावर मघापासून टेकलेला आक्काबाईचा हात आता तिथे नव्हता.

पुढे पडद्यावर आक्काबाई रडली, तिने ऊर बडवून घेतला. पण तिच्या प्रत्येक 'शे'ला सगळं थिएटर एका सुरात उत्तर देत होतं, "आहे!"

बाहेर ऊन रणरणत होतं. लोक हसत हसत गाड्या काढत होते. बन्सीलालभाऊंनी राजदीपच्या पाठीवर थाप मारली. "भाऊ, पब्लिक खूश! पोस्टरवर विनोदी लिहा, आठवडाभर देतो. नाहीतर मी उद्यापासून हिंदी लावतो. संध्याकाळपर्यंत सांगा."

राजदीप पोस्टरकडे बघत राहिला. त्याने दिपमालाकडे पाहिलं नाही, आणि तेच तिला सहन होईना. 'माझ्यामुळे झालं' एवढे दोनच शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने वाकून साक्षीच्या सँडलचा पट्टा नीट केला. तो नीटच होता.

राजदीप आईजवळ गेला. "माय, तुले कसा वाटना व?"

आक्काबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग नातीकडे. पदर सारखा केला. जन्मभर ज्या लेकाशी ती एकाच बोलीत बोलली होती, त्याच्यापुढे ती शब्द चाचपू लागली, निसरड्या दगडावर पाय ठेवावा तशी.

"चांगला..." ती थांबली. "चांगला आहे."

"आजीला आलं! आजीला आलं!" साक्षी उड्या मारत टाळ्या वाजवू लागली.

सबंध दुपारभरात वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या होत्या.