कठड्यावरची काळी पाटी

सेल्वमच्या पत्राला सीतारामनानांनी उत्तर दिलंच नव्हतं. माटुंग्याच्या मराठी शाळेत दोघे एका बाकावर बसायचे. सेल्वम कॉलेजला मदुराईला गेला आणि पासष्ट साली हिंदीच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरला. ‘आमच्या गल्लीत घराघरावर काळे झेंडे आहेत. काल गोळीबार झाला,’ त्याने लिहिलं होतं. ‘तुमच्यावर अशी वेळ आली तर तू काय करशील?’ पत्र मराठीत होतं. इंग्रजी दोघांनाही येत असताना ते त्याने मराठीत का लिहावं, हे नानांना उमगलं नव्हतं.

खरं उत्तर ‘काही नाही’ असं होतं. ते लिहवेना. दोन वर्षांनी त्याच पोरांच्या रेट्याने मद्रासचं सरकार निवडणुकीत कोसळलं. वाचनालयात तो पेपर हातात धरून नाना कितीतरी वेळ उभे राहिले होते. केवढी ती पोरं! आणि आपण? चारचौघांत नाव सांगायचं तरी घाम फुटतो.

आता तोच प्रश्न परळच्या चाळीत येऊन ठेपला. पहिलीपासून हिंदी, असा सरकारी आदेश निघाला. नानांची नात यंदाच पहिलीत. मंडळाच्या सभेत जो तो तावातावाने बोलला. नाना मागच्या खुर्चीवर बसून तसेच परत आले.

सकाळी त्यांनी माळ्यावरून दसऱ्याच्या पूजेची पाटी काढली. तिच्यावरची सरस्वती हलक्या हाताने पुसली, आणि कोरी काळी पाटी सुतळीने गॅलरीच्या कठड्याला टांगली.

“काय नाना, पाटी वाळत घातलीत?” शेजारच्या शिवाने हटकलं.

“निषेध आहे,” नाना पुटपुटले.

“एवढ्याशा पाटीन सरकार हलतला?”

नानांचे कान तापले. दुपारी कोणी नाहीसं बघून ते पाटी उतरवायला आले. गाठ सोडता सोडता खाली नजर गेली. तळाच्या जिन्याच्या कठड्याला एक पाटी लटकत होती. काळी, कोरी. नानांनी गाठ पुन्हा आवळली.

दसऱ्याची पाटी घरोघरी होतीच. संध्याकाळपर्यंत चारही मजले काळे झाले. शिवानेही निमूटपणे टांगली. रस्त्यावरची माणसं थांबून वर बघू लागली. नाना कठड्याला धरून उभे होते. कधी न पाहिलेली मदुराईची गल्ली त्यांना समोर दिसत होती.

रविवारी सरकारने आदेश मागे घेतला. तो काही आपल्या पाट्यांनी नव्हे, हे नानांना कळत होतं. तरी त्यांनी पत्र लिहिलं. पत्ता साठ वर्षांपूर्वीचा. सेल्वम तिथे असेल? कुठेतरी असेल?

पाकीट घेऊन ते खाली आले, तर जिन्यापाशी इस्त्रीवाला रामदुलार पाटी सोडत होता.

“ही तू लावलीस?”

“मग! तुमची बघून लावली.”

“अरे, पण तू तर जौनपूरचा.”

रामदुलार हसला. “हिंदी तर माझी पोरगी मुनिया माझ्याकडनं घरातच शिकते, नाना. शाळेत मी तिला मराठीसाठी घातलीय.”

नाना तसेच जिना चढून वर गेले. पाकीट उघडलं आणि सहीखाली दोन ओळी वाढवल्या: ‘माझ्यामागून पहिली पाटी लागली, ती हिंदी बोलणाऱ्याची. तू मला मराठीत का लिहिलंस, ते आज कळलं.’

मग नाक्यावर जाऊन त्यांनी पाकीट पेटीत टाकलं.