येडीचा दाखला

“डोकं तपासून घेऊ,” म्हणत नवऱ्यानं उज्वलाला सटाण्याहून नाशिकला आणलं. दारावर ‘मानसोपचार’ वाचताच तिचा संशय पक्का झाला. येडीचा दाखला मिळाला की दुसरं लग्न सोपं, असं सासूला शेजारणीशी बोलताना तिनं ऐकलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. “मॅडम, कागद मिळेल ना?” तो दारातून म्हणाला. दोन-चार प्रश्न विचारून बाई लिहू लागल्या. “येडी लिहिताय?” उज्वलानं विचारलं. त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. ‘बाळंतपणाला अडीच महिने झाले. झोप नाही.’ खाली सगळं कोरं होतं. “पुढचं तुम्ही सांगाल तेच लिहीन. बाळंतपणानंतर असा आजार होतो आणि औषधानं बराही होतो. दाखला मी कुणालाच देणार नाही.” उज्वला बंद दाराकडे बघत राहिली. मग खुर्ची पुढे ओढून कुजबुजली, “बाळ रडलं की त्याला विहिरीत टाकावंसं वाटतं.” “बरं केलंत, सांगितलंत,” बाई म्हणाल्या.