चार मिनिटांचा रस्ता

बायको, सुंदरा, गेल्याचं कळलं त्या दुपारी धुडकू कारखान्यात मागावर होता. कारखान्याच्या दारात एक अनोळखी माणूस उभा राहून दोन्ही हातांनी त्याला बोलावत होता. चोवीस माग चालू असले की आत शेजारच्याचंही ऐकू येत नाही. माणसाचं तोंड नुसतं हलताना दिसत होतं. काम मागायला, पत्ता विचारायला असे लोक येतच. धुडकूचा ताका विणून उतरत आला होता, आणि मध्येच माग थांबवला की कापडात रेघ पडते. त्याने तळहात वर करून दाखवला. थांब. माणूस थोडा वेळ थांबला, पुन्हा हात हलवले आणि निघून गेला.

ताका उतरवून, तोंड धुऊन धुडकू बाहेर आला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. तोवर दारासमोरच्या पानवाल्याला कळलं होतं. "नाके पे भाग," तो म्हणाला. "तेरी घरवाली को मोटर लगी."

नाक्यावर सुंदराची सायकल आडवी पडली होती. धुडकूचा जेवणाचा डबा तिच्या हँडलला तसाच अडकलेला होता. शेजारी राहणाऱ्या सुपडूने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"इतला येळ कसा लागना, भो?" सुपडू रडत म्हणाला. "आत्तेच गई. तुनीच वाट देखी राहिनी व्हती. माणूस धाडेल व्हता तिनी, भेटना नही का?"

"भेटना," धुडकू म्हणाला. "रस्ता जाम व्हता. गाड्याच गाड्या."

रस्ता खरंच जाम होता. कोणी पुढे काही विचारलं नाही.

ते वाक्य सुपडूने दहाव्याला आलेल्या लोकांना सांगितलं. त्यांनी कारखान्या-कारखान्यांत सांगितलं. सायकलवाल्यांचा महापालिकेकडे एक अर्ज जायचाच होता. तो नव्याने लिहायला मुलगी जयश्री बसली. नववीत होती, गुजराती अक्षर चांगलं होतं. तिने लिहिलं, 'गाड्यांमुळे माझे वडील माझ्या आईजवळ वेळेवर पोचू शकले नाहीत.' मग तिने कागद बापापुढे धरला. चारशे सह्यांमध्ये पहिली सही धुडकूची होती.

दीड वर्षाने रस्ता झाला. कारखान्यांची पाळी भरते आणि सुटते त्या वेळी मोटारी, टेम्पो बंद. एका कडेने सायकलींसाठी वेगळी पट्टी, तिला हातभर उंचीचा कठडा. कारखान्यांच्या गल्लीपासून थेट नाक्यापर्यंत.

उद्घाटनाला सकाळी शे-दीडशे माणसं सायकली घेऊन जमली. बँड होता. नगरसेवक बन्सीलालभाईंनी धुडकूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला सगळ्यांच्या पुढे आणलं.

"पहेलां तमे, काका. आ रस्तो तमारो छे."

"आज तर तू नवरदेव शे, भो!" सुपडू ओरडला. "घोडीमा हवा भरी का नही?"

लोक हसले. धुडकूही हसल्यासारखं करून गर्दीतल्या तोंडांवरून नजर फिरवत होता. दीड वर्ष तो हेच करत आला होता. बाजारात, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत. तो अनोळखी माणूस त्याला पुन्हा दिसला नव्हता. चेहरा तरी आठवतो की नाही, याची आता त्यालाच खात्री नव्हती.

जयश्री मागे कॅरियरवर बसली. शाळेचं घड्याळ तिने मनगटावर पुढे ओढून घेतलं. "मी टाइम बघते, आबा. चालो."

फीत कापली. बँडवाले अगदी कानाशी वाजवू लागले. पलीकडे वीस पावलांवर सुपडू उभा होता. त्याचं तोंड हलत होतं, पण ऐकू काही येत नव्हतं. तो दोन्ही हातांनी बोलावत होता.

धुडकूचा हात हँडलवरून सुटला आणि वर गेला. तळहात पुढे.

"थांब कोणाला म्हणता?" जयश्री मागून म्हणाली. "चला ना, सगळे खोळंबलेत."

त्याने हात खाली घेतला. घाम आलेला तळहात पँटला पुसला आणि पायडल मारलं.

बँड मागे राहिला. कठड्यापलीकडे रस्ता मोकळा पडला होता. एक कुत्रं मधोमध बसलं होतं. या रस्त्यावर धुडकूला स्वतःच्या सायकलीच्या चेनचा आवाज कधी ऐकू आला नव्हता, तो आज येत होता. त्याने घाई केली नाही. रमतही गेला नाही. रोज जातो तसा गेला.

नाक्यावर त्याने पाय टेकवला. जयश्री उतरली.

"चार मिनिटं," ती म्हणाली. घड्याळ तिने पुन्हा पाहिलं. "चारच, आबा. तेव्हा हा रस्ता असता तर माय भेटली असती तुम्हाला."

धुडकूने तिच्याकडे पाहिलं. नाकाजवळ ती सुंदरासारखी दिसत होती.

"जयू," तो म्हणाला.

"काय?"

मागून घंट्या वाजवत सगळे आले. सुपडूने त्याच्या गळ्यात हार घातला. बन्सीलालभाईंनी पेढा पुढे केला.

"काय म्हणत होता, आबा?"

"काही नाही. शाळेत जा."

आता धुडकू रोज त्या पट्टीवरून चार मिनिटांत नाक्यापासून कारखान्यात पोचतो. डबा जयश्री सकाळीच भरून देते. दुपारी माग थांबवून तो एकटा जेवतो आणि कोणी दारात येऊन उभं राहिलं की घास खाली ठेवून उठतो.

जयश्रीला सांगायचं राहिलं आहे.