भिंगरी

"ही ओळ काढली," लेक म्हणाली. "कंपायलरनं हूं की चूं केलं नाही."

टेबलाच्या पलीकडे आई मटार सोलत बसली होती.

पंपघरांना नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतं करणारा तो सी भाषेतला प्रोग्रॅम आई-बाबांनी लिहिलेला. आता त्याच कंपनीत तो लेकीच्या गळ्यात पडला होता. हेडर फाइलींचा गुंता सोडवायचा, जिच्यावाचून काही अडत नाही ती ओळ काढून टाकायची. उद्या सफाई झालेला प्रोग्रॅम नव्या मशीनवर जाणार आणि जुना पुसला जाणार.

हेडर म्हणजे फाइलीची ओळख. आत काय आहे ते बाकीच्या फाइलींना आधीच सांगून ठेवायचं. आई-बाबांच्या हेडरांचं मात्र नवराबायकोसारखंच होतं. हिचं त्याच्यावाचून पान हलायचं नाही, त्याचं हिच्यावाचून, आणि प्रोग्रॅम तपासून तो मशीनच्या भाषेत आणणारा बिचारा कंपायलर डोक्याला हात लावून बसायचा. लेकीनं तो गुंता सकाळीच सोडवला होता. बाबांच्या फाइलीतली ही एक ओळ तेवढी उरली होती.

"कुठली गं?" आईनं विचारलं.

"स्ट्रक्ट भिंगरी. नुसतं साच्याचं नाव आणि अर्धविराम. आत काय आहे ते सांगणारा कंसच नाही. कुणी वापरलेलीही नाही." ती हसली. "बाबांनी माझं नाव घातलंय. लाडानं."

"तुझं कसलं? तू नव्हतीसच तेव्हा." आईचे हात थांबले. "सगळ्या पंपांना भेटून परत येणारा निरोप लिहायचा होता आम्हाला. म्हणून भिंगरी. आत काय काय घालायचं, यावर आमचं काही जमेना. शेवटी हे म्हणाले, आत्ता कंपायलरला एवढंच सांगून ठेवू, की अशी कुणीतरी आहे. कशी आहे ते सावकाश लिहू."

"मग?"

"मग तू झालीस. ते राहूनच गेलं. हे म्हणाले, एवढं छान नाव वाया कशाला घालवायचं?"

लेक स्क्रीनकडे बघत राहिली. बाबा गेले तेव्हा ती धड बोलायलाही लागली नव्हती. त्यांचा आवाजसुद्धा तिला आठवत नाही. आज ते इथे हवे होते, शेजारच्या खुर्चीत, आईशी वाद घालत. तिला फार वाटलं तसं.

तिनं ओळ परत घातली. कंपायलर याही वेळी गप्प.

"ठेवली," ती म्हणाली. "पण रिकामीच आहे गं. उद्या कुणीतरी पुन्हा काढेल."

आईनं पदराला हात पुसले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कितीतरी वर्षांत तिनं प्रोग्रॅमला हात लावला नव्हता. बोटं जरा चाचपडली. मग तिनं नावापुढचा अर्धविराम पुसला आणि तिथे महिरपी कंस उघडला.

"बोल," चष्मा सावरत ती म्हणाली. "कशी आहेस?"