पायगुण

क्षमा सहज म्हणून मॅच बघायला गेली आणि इंग्लंडमधल्या त्या लहानशा गावाचा, खालच्या डिव्हिजनमध्ये सतत हरणारा फुटबॉल क्लब जिंकायला लागला. "आई, माझा पायगुण म्हणत्यात सगळी," असं तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा बोरगावात चंपाबाईंना कोण कौतुक वाटलं. मग एकदा ताप आला म्हणून क्षमा घरी राहिली. क्लब हरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी तिच्या खिडकीची काच फोडली. त्यानंतर मात्र, पोटुशी असूनही, भीतीपोटी तिनं एकही मॅच चुकवली नाही.

आज क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला. व्हिडिओ कॉलवर त्यांचा जावई, अभिनंदन, गळ्यात क्लबचा मफलर घालून हसत होता. त्याच्यामागं क्षमा भिंतीला टेकून उभी होती.

"झालं न्हवं मनासारखं?" चंपाबाई त्याला म्हणाल्या. "आता लेकीला बाळंतपणाला धाडा. सोमवारचं विमान हाय न्हवं?"



"तिकीट मी रद्द केलंय, आई," अभिनंदन तसाच हसत म्हणाला. "ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू होतोय."