जयेशचा शून्य खर्च

“तुझ्या खिशातून महिन्याला नऊशे युरो जाणार, नरेश,” जयेश म्हणाला. “मुलीच्या क्रेशची फी हजार. त्यातले शंभरेक सरकार देतं. बाकीचे तू भर.”

आवाजात आनंद होता. दुसऱ्याच्या खिशाला भोक पडलेलं बघून होतो, तसला.

दसऱ्याची दुपार होती. करोनामुळे घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती, म्हणून डब्लिनच्या मराठी मंडळींनी यंदाचं सीमोल्लंघन झूमवर उरकायचं ठरवलं होतं. आठ-दहा चौकोनांत आठ-दहा कुटुंबं नटूनथटून बसली होती. क्लोनडॉकिनच्या आपल्या घरात जयेश सोफ्याच्या मधोमध बसला होता आणि उरलेल्या जागेत त्याची बायको वैदेही. मागे किचनच्या दारात जयेशची आई, अलकनंदाबाई, अडीच वर्षांच्या नातवाला, अद्वयला, श्रीखंड-पुरी भरवत होत्या. श्रीखंड त्यांनीच केलं होतं, पुऱ्याही त्यांनीच तळल्या होत्या. तुम्ही जेवलात का, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जयेश मंडळातला फॉर्मवाला होता. व्हिसा असो, टॅक्स असो, लोक त्याच्याकडे यायचे. मुलांच्या क्रेशला, म्हणजे पाळणाघराला, सरकार किती हातभार लावतं, याचा अंदाज सांगणारी वेबसाइट तर त्याला तोंडपाठ होती. मुलाचं वय, दोघांचे पगार, आठवड्याचे तास विचारायचा, बटणं दाबायचा आणि न्यायाधीशासारखा निकाल सुनवायचा. पैसे घ्यायचा नाही. पण ज्याचं काम केलं त्याला ते जन्मभर ऐकवायचा.

“शंभरच?” नरेशची बायको मेधा म्हणाली. “मला वाटलं, निम्मे तरी देतील.”

“दोघंही आयटीत आहात, मेधा. सरकार काय दत्तक घेणार तुम्हाला?” जयेश स्वतःच्याच विनोदावर हसला.

“तुमचे किती जातात रे?” नरेशने विचारलं.

“झिरो.” जयेशने अंगठा आणि बोट जोडून कॅमेऱ्यासमोर गोल धरला. “क्रेशची भानगडच नाही. आई आहे ना! वी आर ग्रँड, मस्त चाललंय. थोडं डोकं वापरावं लागतं, यार.”

अलकनंदाबाई फेब्रुवारीत आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. मग सगळं बंद पडलं. व्हिसा सरकारनेच वाढवून दिला, पुन्हा वाढवला. जुलैमध्ये मिरजेला त्यांची धाकटी बहीण लता न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. लताने लग्न केलं नव्हतं. तिला अलकनंदाबाईंशिवाय कुणी नव्हतं. शेजारी डबा द्यायचे, पण उठवायला-बसवायला रोज कोण येणार? ती फोनवर एवढंच विचारायची, “ताई, कधी येतेस?”

मग अलकनंदाबाई जयेशला विचारायच्या. त्याचं उत्तर ठरलेलं होतं. “विमानंच बंद आहेत गं. सुरू झाली की पहिलं तुझं नाव टाकतो.” वैदेही पाठोपाठ म्हणायची, “आई, इथे किती सेफ आहात तुम्ही!” अलकनंदाबाईंना दोघांचंही खरं वाटायचं. गावभराचे फॉर्म भरणारा मुलगा आईचा भरणार नाही का? त्या लताला मोठ्या अभिमानाने सांगायच्या, “माझा जयेश बघतोय सगळं.” आई किती भोळी असू शकते याला काही सीमा नाही, आणि जयेशसारखी मुलं त्यावरच जगतात.

तेवढ्यात नरेशला त्या दारात दिसल्या.

“अरे, काकू! नमस्कार. काय म्हणते तब्येत?” तो मनापासून म्हणाला. “माझी आई तुमची आठवण काढते हं. ऑगस्टच्या त्या खास विमानाने ती सुखरूप पोचली. जयेशनेच तर तिचं नाव नोंदवलं. मी म्हटलं होतं त्याला, काकूंचंही टाक, दोघी सोबतीने जातील. तर म्हणाला, आईलाच जायचं नाहीये, नातवात जीव अडकलाय तिचा.”

वैदेहीने झडप घालून आवाज बंद केला. चेहरे दाखवणारं बटण मात्र तिला सापडलं नाही, त्यामुळे जयेशचं पांढरं पडलेलं तोंड सगळ्या चौकोनांतून लोकांनी सावकाश बघितलं.

“आई, अगं, ते दिल्लीपर्यंतच जात होतं,” जयेश म्हणाला. “पुढे क्वारंटाइन, पुढे पुन्हा प्रवास. तुला झेपलं नसतं. तुझ्या काळजीनेच मी...”

काळजी! नरेशची आई अलकनंदाबाईंपेक्षा आठ वर्षांनी मोठी होती. तिच्या गुडघ्याला पट्टा होता. तिला झेपेल, हे ह्याच माणसाला तेव्हा दोन मिनिटांत पटलं होतं. पण ती नरेशची आई होती. ती गेल्याने क्रेश नरेशच्या मुलीला लागणार होतं.

अलकनंदाबाईंनी वाटी वैदेहीच्या हातात दिली. अद्वयचं तोंड पदराने पुसलं. मग त्या सोफ्यापाशी आल्या आणि जयेशला सरकावं लागलं.

“आवाज चालू कर,” त्या वैदेहीला म्हणाल्या. तिने केला.

“नरेश, पुढचं विमान कधी आहे ते बघ आणि माझं नाव तू घाल,” त्या म्हणाल्या. “जायचंय मला. पहिल्यापासून जायचं होतं.”

“हो, काकू,” नरेश कसाबसा म्हणाला.

अलकनंदाबाई मुलाकडे वळल्या. आवाज चढला नव्हता.

“जयेश, आता आपल्या घराचा अंदाज काढ. मी नाही, असं धरून.”