शिल्लक रजा

रजांची नोंद ठेवणाऱ्या ताईंनी साहेबांच्या कीबोर्डवर चहाचा भरला कप शांतपणे उपडा केला. असं काही घडलंच नाही, असं अख्ख्या ऑफिसनं ठरवलं. घडलं एवढंच, की साहेबांनी ताईंच्या एक्सेल शीटमधला गेल्या वर्षीचा रकाना पुन्हा उडवला. “गेलेलं वर्ष कशाला उराशी धरायचं?” शिल्लक रजेचे सगळे फॉर्म्युले त्याच रकान्यावर उभे होते, प्रत्येक नावापुढे आकड्याऐवजी #REF! ही एरर उगवली. ताईंनी तीनदा निस्तरलं, साहेबांनी तीनदा तो रकाना पुन्हा ‘आवरला’. उद्या ताईंना बहिणीच्या बाळंतपणाला जायचं होतं. “साहेब, माझ्या बारा रजा उरल्यात.” “असतील हो, पण शीटमध्ये दिसत नाहीत. शीट म्हणेल तेवढीच रजा.” मग कधीच उपडा न झालेला तो कप रिकामा झाला. ताईंनी कागद ओढून अर्ज लिहिला: ‘उद्यापासून #REF! दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.’